डाव्या दाढेच्या खुणा

माझ्या टूलबॉक्सच्या खालच्या कप्प्यात सहा नळ्या आहेत. पाइप ओढताना माणूस जी नळी दातांत धरतो, त्या. सहाही मी केलेल्या आणि सहाही एकाच माणसासाठी, माझ्या सासऱ्यांसाठी. त्या ओळीनं मांडल्या की त्यांच्या तोंडातलं दुखणं कधी सुरू झालं आणि कसं वाढत गेलं ते समजतं. मला तर समजायलाच पाहिजे होतं. खरं सांगायचं तर थोडंफार समजलंही होतं, आणि मी गप्प बसलो. बायको म्हणते, लिहून काढा, निदान डोक्यातलं कागदावर तरी येईल. म्हणून लिहितोय. पाइपचं कौतुक सांगायची हौस आता राहिलेली नाही.

उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि मी. गल्लीत सगळीकडं कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनी आल्या. त्या एकसारखे हजार नग काढतात. पण कुणी मोडकं काहीतरी रुमालात गुंडाळून आणलं आणि "असंच्या असं करून पाहिजे" म्हणाला, की त्याला माझ्याकडं धाडतात. जुन्या पंपाचं बुश, शिलाई मशीनचं चाक, एका म्हातारबाबाच्या काठीची मूठ. आमच्याकडं लेथवाल्याला "होत नाही" म्हणायची लाज वाटते. काय वाट्टेल ते आणा, आम्ही करून देणार. कशाला पाहिजे ते विचारायचं नाही, माप विचारायचं. ही आमच्या धंद्याची खोड, आणि मला तिचा केवढा माज होता म्हणून सांगू!

सासरे कोडोलीचे. मी त्यांना मामा म्हणतो. साखर कारखान्यात बॉयलरवर त्यांनी सगळी नोकरी काढली. तिथं एकदा नवीन बॉयलर बसवायला बाहेरून कुणी साहेब आला होता; जाताना त्यानं आपला जुना पाइप मामांना दिला. झालं! सगळं गाव तंबाखू मळणारं नाहीतर बिडी ओढणारं, आणि हा माणूस पाइप तोंडात धरून एसटी स्टँडवर उभा. पोरं "ओ सायब, ओ सायब" करत मागं लागायची. मामा म्हणायचे त्यांना त्याचा राग यायचा. पण राग आलेला माणूस रोज त्याच रस्त्यानं जात नाही. तंबाखूसुद्धा विकतची चालायची नाही. पानं बारीक कापून, काकवीचा हात लावून, सावलीत वाळवून ठेवायचे. पाइप पेटला की गुऱ्हाळाजवळून गेल्यासारखा वास यायचा.

आमची मुलगी झाली तेव्हा बायकोनं हा वास बंद करायचं ठरवलं. ती बालवाडीत शिकवते आणि बोलायला सडेतोड आहे. बाळंतपणाला माहेरी होती, तिथंच बापाला समोर बसवून म्हणाली, "आबा, ह्या तोंडानं नातीचा मुका घ्यायचा असंल तर माझ्या डोक्यावर हात ठेवा. तंबाखू सोडली म्हणा." आबांनी हात ठेवला. सोडली म्हणाले. मीही तिथंच होतो. सगळ्यांना वाटलं, सुटली पीडा.

पंधरा दिवसांनी, एका गुरुवारी, मामा वर्कशॉपवर आले. पिशवीतून फडक्यात बांधलेला पाइप काढून माझ्या बाकावर ठेवला.

"पावणं, हे तुमच्याकडं असू द्या. घरात ओढणार न्हाय म्हणून शबूद दिलाय मी."

"घरात" हा शब्द त्यांनी स्वतःच घातला होता. डोक्यावर हात ठेवताना तो नव्हता. मला ते कळलं, आणि मी हसलो. अहो, सासरा जावयाकडं कधी काही मागत नाही. त्यानं द्यायचं आणि आपण नको नको म्हणत घ्यायचं, अशी आमची रीत. आणि आज हा माणूस माझ्यापुढं फडकं सोडून बसलेला. मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. बायकोला दिलेला शब्द तिथं दोघांनी मिळून मोडला, आणि मी तर हसत हसत मोडला.

तेव्हापासून दर गुरुवारी कोडोलीची बस, शाहूपुरीत चष्म्याचं नाहीतर बियाण्याचं काहीतरी काम, आणि मग माझ्याकडं येऊन एकदा भरलेला पाइप. तो संपला की चूळ, मूठभर बडीशेप, आणि आमच्या घरी जेवण. दहा वर्षं हे चाललं. बायको म्हणायची, "आबांना तुमचा लई लळा." मी मान डोलवायचो.

नळीचा विषय निघाला तो साहेबाची मूळ नळी मोडली तेव्हा. पाइपच्या दांड्यात बसणारी खुंटीच तुटली. मी म्हणालो, त्यात काय, आत्ता करतो. ॲक्रिलिकची कांडी लेथला लावली, भोक पाडलं, कानस मारून टोक चपटं केलं, बफवर अशी चमकवली की त्यात तोंड दिसावं. मामांनी ती दातांत धरली आणि लगेच काढली.

"छ्या! काच चावल्यागत वाटतंय."

ही एक नंबरची. मी म्हणालो, मग म्हशीच्या शिंगाची करू का, शिंग दाताला मऊ लागतं म्हणतात. तर म्हणाले, "म्हस दुधासाठी असती पावणं, शिंगं चावायसाठी न्हाय." शेवटी चौकशी करून, फाउंटन पेनं बनवणाऱ्या एकाकडून एबोनाइटची कांडी मागवली. एबोनाइट म्हणजे कडक केलेलं काळं रबर. चावलं की दात थोडासा आत बसतो. उन्हात ठेवलं तर हिरवट पडतं, घासताना गंधकाचा घाण वास येतो, पण मामांना तेच पाहिजे होतं. आकार निमुळता. पाइपकडं जाड, तिथून दातांपर्यंत सावकाश उतरत आलेला, टोकाला ओठ अडकायला बारीकशी कड. ती कड किती असावी यावर त्यांनी मला तीन गुरुवार घासायला लावलं. जास्त झाली तर जिभेला टोचते, कमी झाली तर पाइप निसटतो. ही दोन नंबरची. ही त्यांनी नऊ वर्षं वापरली.

मला स्वतःला निमुळती नळी आवडत नाही. मी ओढत नाही, पण बघायला काय आवडावं हे तर माझं मला ठरवता येतं ना? मला पायरीची आवडते. म्हणजे पाइपजवळ गोल, मग एकदम एक पायरी उतरून तिथून टोकापर्यंत सपाट आणि पातळ. हलकी, देखणी. त्यावरून आमचं दर गुरुवारी वाजायचं.

"ही पट्टी दातात धरायची व्हय? नुस्ता नखरा," मामा म्हणायचे. "बॉयलरवर दोन्ही हात कामात. पाइप दाढंखाली दाबून धराय लागतोय. तिथं चांगलं दांडगं पायजे."

"बॉयलर सोडून किती वर्षं झाली की मामा."

"हातानं सोडला. दाढंनं न्हाय सोडला."

कामावर पाइप पेटवायला अर्थातच बंदी होती. तिथं ते विझलेला पाइपच पाळी संपेपर्यंत डाव्या दाढेखाली धरून असायचे. त्या सवयीनं माझ्या नळीवरही खुणा पडल्या. डाव्या बाजूला, वर एक खोल खड्डा, खाली दोन. वहाणा शिवणारा जसा झिजलेला तळ बघून हा माणूस टाच घासत चालतो म्हणून सांगतो, तशी मी ती नळी बोटानं चाचपून सांगितली असती की ही मामांची. वर्षातून दोनदा मी ती पॉलिश करून द्यायचो. खड्डे मात्र भरायचे नाहीत. "ऱ्हाऊ द्यात," ते म्हणायचे, "दाढ बरोब्बर जाग्यावर बसती."

मग ते गणपतीचे दिवस आले. गल्लीत मांडवाचे बांबू ठोकत होते. मामांनी पाइप भरला, दोन झुरके घेतले आणि खाली ठेवला.

"पावणं, ती तुमची पायरीची करा की एक."

मी हातातलं काम टाकलं. "काय म्हणालासा?"

"पातळ करा. ही जाड वाटाय लागलीया."

मला आनंदच झाला! नऊ वर्षं वाद घातला होता, शेवटी म्हाताऱ्याला पटलं. त्यांच्या डोळ्यांदेखत लेथ चालू केली. टोकाशी चार मिलिमीटर जाडी ठेवली. त्याखाली गेलो असतो तर भोकच उघडं पडलं असतं. मामांनी दातांत धरली आणि म्हणाले, "नाद खुळा, पावणं!" मी त्या दिवशी शीळ घालत घरी गेलो. तोंड नीट उघडेना म्हणून माणसाला पातळ नळी लागते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. इतक्या वर्षांची आवड माणूस एका गुरुवारी उगाच बदलत नाही, एवढं तरी यावं? नाही आलं. मी जिंकलो होतो ना!

दिवाळीनंतर ती तीन नंबरची पॉलिश करायला हातात घेतली आणि मला दिसलं. खुणा उजव्या बाजूला. डावीकडं साधा चरासुद्धा नाही. मी नळी उलटीसुलटी करून बघितली, मला वाटलं आपणच उलटी धरलीय. उलटी नव्हती.

"मामा, बाजू बदललीसा?"

"डावी दाढ दुखतीया. पर उजवीकडं पेलत न्हाय, पाइप खाली वढतोय. कायतरी करा."

बघा, मी दाढेचं विचारलं आणि त्यांनी मला काम दिलं. आणि मी काम घेतलं. नळी वाकडी असली की पाइप हनुवटीशी लोंबतो आणि दातांवर भार येत नाही. एबोनाइट तापवून वाकवता येतं. आतलं भोक मिटू नये म्हणून सायकलच्या ब्रेकची तार घालायची, तापलेल्या वाळूत धरायची, सावकाश वाकवायची आणि गार पाण्यात बुडवायची. ही चार नंबरची, आणि कारागिरी म्हणाल तर सहांत सगळ्यात सरस. देताना एवढं मात्र म्हणालो, "दाढ डॉक्टरला दाखवा की."

"तुम्ही हाय की डॉक्टर," मामा म्हणाले.

मी फुगलो. आता सांगायला शरम वाटते, पण फुगलो.

संक्रांतीला म्हणाले, धूर जिभेला झोंबतो. मग पाच नंबरची केली. तिचं भोक टोकाला सरळ न उघडता वरच्या अंगाला उघडतं; धूर टाळूकडं जातो, जीभ वाचते. शिमग्याला म्हणाले, दातानं धरवतच नाही, नुसत्या ओठांत राहील अशी करा. सहा नंबरची टोकाला माशाच्या शेपटीसारखी पसरट आहे, आणि ओठाला मऊ लागावी म्हणून वर सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी ताणून चढवलेली. पुढच्या गुरुवारी त्या रबरावर मला तांबूस डाग दिसला. पुसला, तर फडक्याला लागला. मी मामांकडं बघितलं. त्यांनी हात हलवला, नको नको असा, आणि आमच्या घराच्या दिशेनं बोट दाखवलं. म्हणजे तिला सांगू नका.

मी सांगितलं नाही. का? एक म्हणजे, सासऱ्याला जावयानं "तोंड उघडा, बघू" म्हणायचं कसं? आमच्यात जावई सासऱ्यासमोर पाय पसरून बसत नाही, त्याच्या तोंडात कुठं डोकावणार! पण हे कारण मी नंतर शोधलं. खरं कारण असं, की डाग सांगायचा तर नळी सांगावी लागणार, आणि नळी सांगायची तर दहा वर्षांचे गुरुवार सांगावे लागणार. मी बायकोला भ्यालो. रबर काढून टाकलं आणि नवीन चढवून दिलं.

चैत्रात एका रविवारी मामा आमच्याकडं जेवायला होते. मटणाचा बेत. तांबडा रस्सा म्हणजे मामांचा जीव. वाटी तोंडाला लावून प्यायचे. त्या दिवशी त्यांनी तांबड्याची वाटी बाजूला सारली, पांढऱ्यात भाकरी कुस्करली आणि लहान लहान घास करून उजव्या गालात सारायला लागले. बायको वाढता वाढता थांबली.

"आबा, तांबडा का न्हाय?"

"पित्त झालंय."

"आ करा."

"आगं जेवतोय न्हवं मी..."

"आ करा म्हणते न्हवं!"

बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं. आणि मामांनी आ केला. तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना. तिनं मोबाइलचा टॉर्च मारून डाव्या गालाच्या आत बघितलं. मी फक्त तिचा चेहरा बघितला, तोंडात नाही बघितलं. आठ महिन्यांत मला जे जमलं नाही ते तिनं एका घासाच्या वेळात केलं. मग तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "उद्या डॉक्टरकडं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी तोंड तपासलं आणि विचारलं, "जखम होऊन किती दिवस झाले?"

"पंधरा-वीस दिस," मामा म्हणाले.

"तंबाखू?"

"सोडून धा वर्सं झाली."

"माझ्या डोक्यावर हात ठेवून सोडली," बायको म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता हो, त्या अवस्थेतसुद्धा. मामांनी टेबलाखाली माझं मनगट धरलं.

डॉक्टर म्हणाले, आतली एक दाढ तुटून धारदार झाली आहे, ती गाल कापत असेल. जखम नवी आहे, तंबाखू नाही, तर आधी दाढेची धार घासू, मलम लावून पंधरा दिवस बघू. नाही भरली तर तुकडा काढून तपासायला पाठवू. बायकोचा जीव भांड्यात पडला. माझा कसा पडावा? पंधरा दिवस नव्हे, आठ महिने. त्या खोलीत हे दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक माझं मनगट घट्ट धरून बसला होता.

चिठ्ठी घेऊन मी खाली औषधाच्या दुकानात गेलो. मलमाची ती बारकी ट्यूब हातात आली आणि मला स्वतःचीच किळस आली. आणखी एक मऊ रबर चढवून देतोय मी! बायकोला फोन केला, "वरच बसा, निघू नका." गाडी काढली, वर्कशॉप गाठलं, सहाही नळ्या रुमालात बांधल्या आणि परत आलो. शेवटचा पेशंट बाहेर पडत होता. आत घुसलो, दोघांनाही आत बोलावलं, आणि डॉक्टरांच्या टेबलावर नळ्या एकेक करून मांडल्या. काय काय बोललो ते नीट आठवत नाही. खुणा दाखवल्या तेवढं आठवतं. "ही बघा, डाव्या दाढेची, नऊ वर्षांची. ही गणपतीत पातळ मागितली. ह्या खुणा उजवीकडं गेल्या. ह्या रबराच्या जागी आधीचं रबर होतं, त्यावर रक्त होतं, ते मी पुसलं."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सारून एकेक नळी उजेडात बघितली. मग मलमाची चिठ्ठी माझ्याकडून मागून घेतली आणि फाडली. म्हणाले, तुकडा उद्या सकाळीच काढू.

मामा माझ्याकडं बघत नव्हते. बायको बघत होती.

"तुम्हाला दिसत हुतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही नळ्या करत बसलासा. माझ्या बापाच्या दुखण्याला बसाय-उठायची सोय करून देत हुतासा की वो तुम्ही. जरा हिकडं पातळ, जरा तिकडं मऊ."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी जाताना ती माझ्या गाडीवर बसली नाही, बापाबरोबर रिक्षानं गेली.

तपासणीत जे यायचं तेच आलं. डाव्या बाजूचा खालचा जबडा काढला, गाल आतून काढला, मांडीचं मांस लावलं. ऑपरेशन चालू होतं तेव्हा आम्ही दोघं बाहेर एकाच बाकावर बसलो होतो, मध्ये पाण्याची बाटली. ती एकदाच बोलली. म्हणाली, "मला वाटायचं माझ्या डोक्यावर हात ठेवला म्हणून सुटली. मी बालवाडीत बायकांना सांगायची, असं करा, बाप्ये ऐकतात." मी म्हणालो, माझं चुकलं. ती म्हणाली, "ते मला ठाऊक हाय. तुम्हाला कधी ठाऊक झालं ते सांगा." डाग दिसला तेव्हा? खुणा उजवीकडं गेल्या तेव्हा? का पहिल्याच दिवशी, फडकं सोडलं तेव्हा?

नंतर एकदा मी डॉक्टरांना एकट्यात विचारलं, आठ महिने आधी आणलं असतं तर जबडा वाचला असता का? ते म्हणाले, असं काही सांगता येत नाही. चांगला माणूस आहे. खोटं बोलत असावा.

पाइप बायकोनं वर्कशॉपवर येऊन नेला. त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही. नळ्यांना मात्र तिनं हात लावला नाही. "त्या तुमच्या डोळ्यांम्होरं असू द्यात," म्हणाली.

ऑपरेशननंतर मामा आमच्याकडंच राहिले. रेडिएशनचे शेक दिले आणि शेक संपल्यावर त्यांचं तोंड आखडलं. चमचा जाईना. डॉक्टरांनी एक साधन लिहून दिलं: आटे पाडलेला प्लास्टिकचा शंकू. टोक दातांमध्ये धरून फिरवायचं, एकेक आटा आत जाईल तसं तोंड उघडत जातं. दुकानात मिळाला तो जाड होता, त्याचा पहिला आटासुद्धा आत शिरेना. तो घेऊन बायको वर्कशॉपवर आली आणि बाकावर ठेवला.

"हे बारीक पाहिजे. होतंय?"

"त्यात काय" हे माझ्या तोंडावर आलं होतं. ते गिळलं. म्हणालो, "आधी मामांचं तोंड बघायला पाहिजे. आतून."

तिनं शंकू परत उचलला. मग म्हणाली, "गुरुवारी आणते."

सासऱ्यांना पहिल्यांदा "आ करा, मामा" म्हणालो तेव्हा माझे कान तापले होते. पण ते काही लाजले नाहीत. लाजायचं सगळं दवाखान्यात संपलं असावं. व्हर्नियर गरम पाण्यानं धुतला आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये धरला. नऊ मिलिमीटर. मग टॉर्च लावून आत बघितलं, सगळं बघितलं, जिथं जबडा नाही तेही. रडलो नाही. पहिल्या नळीतली उरलेली ॲक्रिलिकची कांडी अजून पडून होती, तिचा शंकू केला, आटे बोटाला लागणार नाहीत इतके घासले. मामांनी तो दातांत धरला आणि काहीतरी म्हणाले. आता त्यांचं बोलणं चटकन कळत नाही. दोनदा विचारल्यावर कळलं.

"काच."

बायकोला काही समजलं नाही. मला हसू आलं आणि मग मात्र रडूच आलं.

तेव्हापासून दर गुरुवारी माप. बायकोची एक अट आहे. जे दिसेल ते मोठ्यानं बोलायचं, तिथल्या तिथं, तिच्या कानावर घालायचं. मी बोलतो. "अकरा. खुणा उजव्या बाजूला, तिसऱ्या आट्यापर्यंत. गाल कोरडा. बाकी काही नाही." ती ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते. अकराचे चौदा झाले, चौदाचे सतरा. सतरा झाले त्या दिवशी तिनं मला चहा आणून दिला आणि माझ्याजवळ बसून स्वतःचा प्याली. माफ केलं असं नाही. तसं मी समजतही नाही.

गेल्या गुरुवारी ती बालवाडीत अडकली होती, मामा एकटेच रिक्षानं आले. खिशातून शंकू काढून माझ्या हातात दिला. मी पुसायला फडकं घेतलं आणि थांबलो. चौथ्या आट्याच्या खाचेत तांबूस रेघ होती. उजव्या बाजूला. जी बाजू चांगली आहे, तिथं.

मामांनी माझं थांबणं बघितलं. हात हलवला, नको नको असा. अगदी तसाच. मग लोखंडावर खूण करायचा खडू उचलला आणि लेथच्या पत्र्यावर लिहिलं, "हिरडी सोललीया. सांगू नका. घाबरंल ती."

असेलही हिरडी. आट्याची कड लागून हिरडी सोलवटते, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आणि बारीक पॉलिश पेपर माझ्या हाताशी होता. दोन मिनिटांत ती कड गुळगुळीत झाली असती आणि डागही गेला असता. माझा हात तिकडं गेलासुद्धा. खोटं कशाला बोलू?

मी फडकं खाली ठेवलं, शंकू न पुसता कागदावर ठेवला आणि त्यांच्यासमोर फोन लावला.

"चौथ्या आट्यावर रक्त आहे," मी म्हणालो. "उजव्या बाजूला. तोंड अजून बघितलं नाही."

पलीकडून पोरांचा दंगा ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "पुसू नका. आले मी."

मामा माझ्याकडं रोखून बघत होते. एवढी वर्षं ज्याच्या भरवशावर पाइप ठेवला तो माणूस फितूर झाला, असंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी नजर खाली केली नाही. थोड्या वेळानं त्यांनी तळहातानं पत्र्यावरचं लिहिलेलं पुसलं. मग स्टूल ओढत दाराशी नेलं, उन्हाकडं तोंड करून बसले, आणि मी काही म्हणायच्या आधीच आ केला.